तू ठेव आधी

चौतिसाव्या चित्रात विजेचा खांब डावीकडे कललेला दिसला आणि बारकीचा हात माउसवरच थांबला. कललेले खांब जगात काय कमी आहेत? रोज दहा-वीस तर तिच्याच नजरेखालून जात. पण या खांबाला कमरेएवढ्या उंचीवर निळा पट्टा होता. तो पट्टा तिच्या दादाने शाळेत असताना, डब्यात उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून मारला होता, आणि त्यापायी वडिलांचा, अप्पांचा, मारही खाल्ला होता.

सकाळचे नऊ वाजले होते. खोली घरमालकिणीच्या वरच्या मजल्यावरची, एका खिडकीची. टेबल, पलंग, कोपऱ्यात छोटी शेगडी आणि एकच खुर्ची, तिचाही मागचा एक पाय आखूड. बारकीने ती डुगडुगती खुर्ची पुढे ओढली आणि चित्र मोठं करून पाहिलं. खांब तोच होता. त्यामागचं पिठाच्या गिरणीचं शटर तेच होतं. गल्ली तिची होती.

बारकी हे काही तिचं नाव नव्हे. दादाच्या पाठची म्हणून बारकी, आणि वयाची बेचाळिशी गाठली तरी बारकीच. काम चेहरे पुसण्याचं. टपावर कॅमेरा बसवलेली गाडी देशोदेशीच्या गल्ल्यांतून हळूहळू फिरते आणि दर दहा पावलांवर चित्र टिपते. मग लोक आपापल्या फोनमधल्या नकाशात ती गल्ली बघतात. पण गल्लीत माणसं असतात, आणि कोणाचा चेहरा असा चव्हाट्यावर मांडायचा नाही, हा नियम. म्हणून आधी यंत्र सगळे चेहरे धूसर करतं. यंत्राचा उत्साह दांडगा. दातांच्या दवाखान्याच्या पाटीवरची हसरी बाई ते पुसतं, चौकातला पुतळा पुसतं, एकदा तर त्याने कोबीचा गड्डाही पुसला होता. आणि जिवंत माणूस समोर उभा असेल, तर नेमका तोच त्याच्या नजरेतून सुटतो. असा सुटलेला चेहरा शोधायचा, त्याभोवती माउसने चौकोन काढायचा, आत धुकं पसरलं की पुढे जायचं. साठ चित्रांचा एक गठ्ठा. दिवसभरात कधीही करावा, संध्याकाळी सहाला तो आपोआप जमा होतो.

ज्या भागातल्या पाट्या वाचता येतात, त्या भागाचे गठ्ठे ते शक्यतो त्याच माणसाला देत. त्यामुळे मायदेशातले रस्ते तिच्याकडे येतच असत. पण आपली गल्ली येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. त्या बोळात गाडी घालायची कोणाला अवदसा आठवेल?

चित्राच्या कोपऱ्यात महिना लिहिलेला होता. दहा महिन्यांपूर्वीचा. अप्पांना जाऊन आठ महिने झाले होते. बारकीने बोटांवर हिशेब केला आणि मग तिला पुढचं चित्र उघडायची भीतीच वाटू लागली.

घर सोडलं तेव्हा ती एका वर्षासाठी निघाली होती. शहरातलं नकाशाचं ऑफिस बंद पडलं, काम लॅपटॉपवर आलं आणि ती सामानसुमान घेऊन घरी परतली. पुढच्या खोलीत, दाराशी टेबल टाकून तीन वर्षं तिने काम केलं. म्हणजे करायचा प्रयत्न केला. गॅसवाला आला, बारकी. कुरिअर आलं, बारकी. दूध उतू गेलं तरी बारकीच, कारण ती 'घरीच असते ना'. वहिनी वाईट नव्हती, तिला ते काम दिसतच नव्हतं. पडद्यावर चौकोन काढत बसलेल्या बाईला कामात आहे असं कोण म्हणेल? एकदा शेजारच्या काकांनी विचारलं, तेव्हा अप्पाही बोलून गेले, "तिचं काय, बसूनच असते दिवसभर." अप्पा सहज बोलले होते. बारकीच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

मग कुठेतरी तिने वाचलं की एक इवलासा देश कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना वर्षभर राहायचा परवाना देतो. पुढे वाढवूनही देतो. ज्याला सांगावं तो आधी "कुठे?" विचारी आणि मग "असा देश आहे?" विचारी. अप्पांना त्याचं नाव कधी धड उच्चारता आलं नाही. ते 'तुझा देश' म्हणत. दादाच्या शाळेतला जुना नकाशासंग्रह काढून त्यांनी तो शोधायला घेतला, तर तो नेमका दोन पानांच्या घडीत, पिनेखाली दबलेला. अप्पांनी सुरीच्या टोकाने पिन उचकटली, पान सपाट केलं आणि भिंग धरलं.

"तांदळाएवढा आहे गं तुझा देश."

"मी कुठे मोठी आहे, अप्पा? मावेन मी."

अप्पा हसले नाहीत. भिंग पुसत पुसत त्यांनी विचारलं, "तुझं काम कुठूनही चालतं म्हणतेस."

"हो."

"कुठूनही म्हणजे अगदी कुठूनही?"

"हो अप्पा. नेट असलं की झालं."

"मग त्या कुठूनहीमध्ये हे घर बसत नाही का?"

बारकीकडे उत्तर होतं. पण ते दिलं असतं तर वहिनी दुखावली असती, दादा दुखावला असता, आणि खुद्द अप्पांना त्यांचंच वाक्य ऐकवावं लागलं असतं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी अप्पाच म्हणाले, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. जा बाई. पण वर्षाने ये."

निघायच्या आदल्या दिवशी तिने घरची सगळी कामं हातावेगळी केली. अप्पांच्या गोळ्या महिन्याभराच्या आणून ठेवल्या, त्यांना चांगला फोन घेऊन दिला, व्हिडिओवर कसं बोलायचं ते तीनदा शिकवलं. आणि घरातलं इंटरनेट तिच्या नावावर होतं, ते बंद केलं. आता कोण वापरणार होतं ते? फोनला रेंज असायचीच.

अप्पांचा 'तुझा देश' असा तिच्या वाट्याला आला. डोंगरउतारावरचं गाव, फरशीचे रस्ते, आठवड्यातून दोनदा उडणारं विमान. चौकातल्या कॉफीच्या दुकानात तिच्यासारखीच पाठीवर बिऱ्हाड घेतलेली पोरंपोरी लॅपटॉप उघडून बसत, त्यांचे सूर्यास्ताचे फोटो काढून होत आणि तीन महिन्यांत ती पुढच्या देशाला लागत. बारकीच्या पायाला तशी भिंगरी नव्हती. तिला एक दार हवं होतं, आतून लावता येईल असं. ते मिळालं. पहिले काही महिने ती नुसत्या त्या कडीवर खूश होती. वर्षाने तिने परवाना वाढवून घेतला आणि अप्पांना सांगितलं, "अजून एकच वर्ष." अप्पा म्हणाले, "बरं."

फोन रोज असे. तिच्या इथे दुपारचे साडेबारा वाजले की तिकडे चार. अप्पांनी चौतीस वर्षं नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलं होतं. टाकीची शिडी चढून पातळी बघायची आणि रस्त्यातली चावी फिरवून गल्लीगल्लीला पाणी द्यायचं. त्यांच्या पाण्यावर लोक घड्याळं लावत. त्यामुळे चार म्हणजे चार. बारकी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवी, एका हाताने जेवी आणि दुसऱ्या हाताने चेहरे पुशी. दिसायचं काय, तर अप्पांचं कपाळ आणि त्यावर हे भलंमोठं आभाळ.

"अप्पा, फोन खाली धरा. नुसतं कपाळ दिसतंय."

"कपाळात काय वाईट आहे? तुझं जेवण चालू दे."

"अंगणात आहात का?"

"हो. हवा छान आहे. खुर्ची टाकून बसलोय आरामात. बोल तू, निवांत बोल."

मग ती बोले. पावाच्या दुकानातली बाई सुटे पैसे देत नाही, खिडकी बंद होत नाही, घरमालकीण जिन्यात उभी राहून तास तास फोनवर बोलते आणि वाट अडवते. अप्पा हूं हूं करत. आणि शेवटी नेहमी एकच.

"ठेवू का, अप्पा?"

"हो. तू ठेव आधी."

"तुम्ही ठेवा ना."

"नाही. तू ठेव आधी."

म्हाताऱ्या माणसाची माया, असं वाटून तिला बरं वाटे. ती फोन ठेवी आणि पुढचा चेहरा घेई.

मग एके दिवशी दादाचा फोन आला की अप्पा अंगणात पडले, कंबरेचं हाड मोडलंय, घाबरू नकोस. तिने विचारलं, कुठे पडले? कंपाउंडच्या भिंतीपाशी. तिथे काय करत होते? "म्हातारा माणूस, काहीही करतो," दादा म्हणाला. तीन आठवडे ते अंथरुणाला खिळले. शनिवारच्या विमानाचं तिने नक्की केलं होतं, अप्पा गुरुवारी गेले. "आता येऊन काय करणार?" असं दादा म्हणाला, आणि परवान्याचे कागद कचेरीत अडकलेले असताना देश सोडला तर परत येता येणार नव्हतं. ती गेली नाही. जाऊ शकत होती आणि गेली नाही, हे तिने दुसऱ्या कोणापुढे कधी कबूल केलं नसलं तरी तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. अप्पा भिंतीपाशी काय करत होते, हा प्रश्न मात्र आठ महिने तिच्या डोक्यात पाण्याच्या गळक्या नळासारखा ठिबकत राहिला होता.

पस्तिसाव्या चित्रात गिरणी मागे पडली. छत्तिसाव्यात समोरची तीन मजली नवी इमारत दिसली, जी बारकीने कधी पाहिलीच नव्हती. सदतिसाव्यात फाटक आलं आणि फाटकाशेजारी, भिंतीच्या वर, कोणाचा तरी उंचावलेला हात.

अडतिसावं चित्र तिने उघडलं.

उघड्या फाटकातून आत, भिंतीपाशी, अप्पा रंगाच्या डब्यावर उभे होते. वीस लिटरचा तो डबा भिंतीला टेकवून पालथा घातलेला. डाव्या हाताने भिंतीचा कठडा पकडलेला आणि उजव्या हाताने फोन डोक्यापेक्षा उंच धरलेला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, केस पाणी लावून बसवलेले. पाय अनवाणी. चपला खाली जमिनीवर, एकीला एक लावून, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा नीट ठेवलेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेला.

खुर्ची कुठेही नव्हती.

फोनच्या पडद्यावर नखाएवढा एक धुरकट ठिपका होता. बारकीला समजायला वेळ लागला नाही. यंत्राने तिथला चेहरा ओळखून पुसला होता. तो तिचा चेहरा होता. कुठल्याशा दुपारी, घास चावता चावता बोलणारी ती. आणि अप्पांचा चेहरा, चांगला मोठा, ऐन उजेडात, यंत्राला दिसलाच नव्हता.

दोन वर्षं तिने नुसतं कपाळ पाहिलं होतं. आज सगळे अप्पा समोर होते. मान वर, तोंड किंचित उघडं, भुवया चढलेल्या. ते हसत नव्हते, काही बोलतही नव्हते. पाणी सोडल्यावर ते कधीकधी पाइपाला कान लावून उभे राहत, पाणी कुठवर आलं ते ऐकायला. लहानपणी तिने त्यांना तसं कितीदा पाहिलं होतं. अगदी तसेच ते आता ऐकत होते. आणि आपण त्या दिवशी काय सांगत होतो? सुट्या पैशांचं? खिडकीचं? तिने खूप आठवून पाहिलं. काही आठवलं नाही. तो दिवस रोजच्यासारखाच एक दिवस होता.

बारकी रडली. तोंडावर हात दाबून, खाली आवाज जाऊ नये म्हणून, आणि तरी आवाज गेलाच, कारण खाली घरमालकिणीचा झाडू थांबला.

चित्रात ओळखीचं माणूस दिसलं तर हात लावायचा नाही, असा नियम होता. कोपऱ्यातलं बटण दाबायचं, गठ्ठा दुसऱ्याकडे जातो. आजवर तिला तो नियम हास्यास्पद वाटत आला होता. आता तिने त्या बटणाकडे पाहिलं. मग दुसरा कोणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी तांदळाएवढ्या देशातला, हे चित्र उघडणार. डब्यावर चढलेल्या म्हाताऱ्याला बघून कदाचित हसणार. एका सेकंदात चौकोन काढणार आणि पुढे जाणार, जशी ती रोज जात आली होती. काहीच केलं नाही तर अप्पा असेच, डब्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्या जगासमोर उभे राहणार. आणि एकदा पुसलं की मूळ चित्रही उरत नाही.

चित्राचा फोटो घ्यायलाही बंदी होती. तरी तिने फोन उचलला. पडद्यावर रोखला. फोनच्या त्या उभ्या चौकटीत अप्पा आले, नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच आकाराचे, आणि सवयीने तिच्या तोंडून निघालं, "अप्पा, फोन खाली..."

पुढे तिला बोलवलं नाही. फोटोही काढवला नाही. तिने दादाला फोन लावला.

दादा रंगाच्या दुकानात कामाला होता. पलीकडे रंग घुसळायच्या यंत्राची घरघर चालली होती.

"बोल बारके. आज अशा अवेळी?"

"गिऱ्हाईक आहे का?"

"आहे, थांबेल ते. काय झालं?"

"अप्पा माझ्याशी बोलायला डब्यावर उभे राहायचे?"

घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग ती दूर गेली, म्हणजे दादा दुकानाबाहेर आला असावा.

"कोण बोललं? तुझी वहिनी?"

"कोणी नाही. दिसले मला. माझ्या कामात आपल्या गल्लीचा फोटो आलाय. त्यात आहेत."

"अप्पा आहेत?"

"आहेत. फोनवर बोलतायत. माझ्याशी."

"समोर ती तीन मजली उभी राहिली ना, तेव्हापासून घरात रेंजच येईना. फक्त त्या भिंतीपाशी, आणि तीही जरा उंचावर. आणि नेट तर तू..." तो थांबला.

"मी बंद करून आले."

"तसं नाही म्हणायचं मला."

"मग मला सांगायचं नाही, दादा? इथून एका दिवसात चालू केलं असतं."

"मीच घेणार होतो. नको म्हणाले. म्हणाले, बारकी वर्षाने येणारच आहे, आली की तिचं तीच चालू करील. पुढच्या वर्षी परत विचारलं, परत तेच. मग मी विचारायचं सोडलं."

बारकीने भिंतीला पाठ टेकली.

"आणि तुला सांगू द्यायचे नाहीत. मी उभ्याने बोलतो हे तिला कळलं तर ती दोन मिनिटांत ठेवून देईल, म्हणायचे. बसलोय म्हटलं की पोरगी निवांत बोलते."

"आणि त्या दिवशी?"

"तुझा फोन झाला होता. उतरताना तोल गेला."

तू ठेव आधी. उतरायला दोन्ही हात लागत होते त्यांना. आणि उतरताना दिसायचं नव्हतं.

"बारके, आहेस ना?"

"आहे."

"आधी विटांवर उभे राहायचे गं. दोन विटा, त्यावर आणखी दोन. मी म्हटलं, पडतील एखाद दिवशी. म्हणून तो डबा मीच आणून दिला. दुकानातून. पालथा घातला, त्यावर स्वतः उभा राहून बघितलं." दादाचा आवाज फाटला. "मी हलवून बघितला होता गं."

आठ महिने हा माणूस हे पोटात घेऊन रंग विकत होता. बारकीला आपलं रडू विसरायला झालं.

"तुझी चूक नाही दादा."

"तुझीही नाही."

दोघांनी एकमेकांना जे म्हणायचं ते म्हटलं. स्वतःपुरतं ते दोघांनाही पटलं नाही. पण दुसऱ्याने म्हटलं, एवढ्याने जरा श्वास मोकळा झाला.

"चेहरा दिसतोय?" दादाने विचारलं.

"सगळा. शर्ट इस्त्रीचा आहे."

"रोज साडेतीनला इस्त्री करायचे. तुझी वहिनी म्हणायची, अप्पा, तिला तुमचं कपाळ दिसतं, कपाळाला इस्त्री करा."

बारकीला हसू आलं आणि त्यातच परत रडू.

"मला पाठव ना तो," दादा म्हणाला आणि लगेच म्हणाला, "नाही. नको. त्यांना नसतं आवडलं, असं डब्यावर चढलेलं कोणी बघितलेलं. तूच बघून घे. नीट बघ. माझ्या वाटचंही."

दुकानातून कोणीतरी दादाला हाक मारली.

"ठेवतो मी. बरं का?"

"तू ठेव," बारकी म्हणाली.

तोंड धुवायला ती जिन्यात आली, तर मधल्या पायरीवर घरमालकीण उभी. सत्तरीची बाई, कानाला फोन, दुसरा हात कठड्यावर. तिचा मुलगा तिसऱ्याच कुठल्या देशात होता. खालच्या भिंती हातभर जाडीच्या दगडाच्या, तिथे रेंज कुठून येणार? अडीच वर्षं बारकी तिच्या अंगाला अंग घासून, मनातल्या मनात चरफडत वर-खाली करत आली होती. आज ती तशीच परत फिरली, खोलीतली एकुलती एक खुर्ची उचलून आणली आणि जिन्याच्या वळणावर, सपाट जागेत, तिच्यामागे ठेवली.

घरमालकिणीने फोनवर काहीतरी सांगून तो बंद केला आणि खुर्चीकडे पाहिलं. दोघींमध्ये मिळून तीसेक शब्द होते, त्यांत 'बसा' होता. बारकीने तो वापरला. घरमालकिणीने खुर्ची दाबून पाहिली. खुर्ची डुगडुगली. "हां," असं म्हणून बाईने समजल्यासारखी मान हलवली, बारकीच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांकडे अपराध्यासारखं पाहिलं, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि खुर्ची काखोटीला मारून खाली निघून गेली. एका डुगडुगत्या खुर्चीसाठी पोरगी एवढी रडली, असंच तिला वाटलं असणार. समजवायला बारकीकडे शब्द नव्हते. थोड्या वेळाने खालून हातोडीचा आवाज येऊ लागला.

बारकी खोलीत आली. बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून टेबलाशी उभी राहिली.

तिने अप्पांकडे नीट पाहिलं. स्वतःच्या वाटचं पाहिलं, दादाच्या वाटचं पाहिलं. कानाच्या पाळीवरचा तीळ, दाढी करताना हनुवटीखाली राहून गेलेले चार पांढरे केस, चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा. दुपार झाली, साडेबारा वाजले, फोनच्या वेळेला ती जरा थांबली. मग तिने माउस हातात घेतला. एरवी ती चौकोन ऐसपैस काढी, काम लवकर होतं. आज तिने अगदी चेहऱ्यापुरता काढला, शर्टाच्या वरच्या बटणाला धक्का लागू दिला नाही. माउसवरचं बोट उचलायच्या आधी ती म्हणाली, "अप्पा, मला काही दिसलं नाही हं. तुम्ही खुर्चीवरच बसला होतात."

धुकं पसरलं. डब्यावर इस्त्रीचा शर्ट घातलेलं कोणीतरी उभं होतं, आणि त्याच्या हातातल्या फोनमध्येही कोणीतरी होतं. दोघांचेही चेहरे नव्हते.

एकोणचाळिसाव्यात गाडी फाटकापुढे सरकली होती. अप्पा पाठमोरे, हात अजून वर. चाळिसाव्यात हात खाली आलेला. बोळ अरुंद, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली असणार. अडतीस आणि चाळीस यांच्यामध्ये कुठेतरी बारकीने फोन ठेवला होता.

एकेचाळिसाव्यात ते उतरत होते. फोन खिशात, दोन्ही हात भिंतीवर. एक पाय डब्यावर आणि दुसरा, अनवाणी, चपलांपासून वीतभर वर, हवेत जमीन चाचपडणारा. चेहरा दिसत नव्हता. पुसायचं काही नव्हतं. काम म्हणून पाहिलं तर या चित्राशी बारकीला एक क्षणही थांबायचं कारण नव्हतं.

तो दिवस काही पडल्याचा नव्हता. त्या दिवशी तो पाय सुखरूप जमिनीला लागला होता, चपलेत गेला होता, अप्पा घरात जाऊन चहा प्यायले असतील. हे तिला कळत होतं. तरी तिला पुढचं चित्र उघडता येईना. उरलेली चित्रं सहाच्या आत झाली नाहीत तर गठ्ठा अर्धा जमा होणार होता आणि तिला बोल लागणार होता. लागू दे, असं तिला वाटलं.

हातोडीचा आवाज थांबला. घरमालकीण धापा टाकत जिना चढून आली, खुर्ची बारकीच्या मागे ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून दाखवली. खुर्ची आता मुळीच हलत नव्हती. "बसा," तिने त्या तीस शब्दांमधला शब्द काढला.

बारकीने मान हलवून तिचे आभार मानले. पण ती बसली नाही. सहा वाजून चित्र आपोआप बंद होईपर्यंत ती तशीच उभी होती.